आबांचे भजन आणि बँडविड्थ

आमच्या पिढीच्या मनुष्यास 'पट्टी' हा शब्द गाण्यातला म्हणून ठाऊक. आबा काळी एकमध्ये गात, आणि पेटी वाजविणारा पांढरीवर गेला की डोळे वटारून पाहत. तेव्हा आमच्या डिचोलीच्या भाच्याने, 'मामा, आपल्या संकेतस्थळाला बँडविड्थ किती घ्यायची?' असे विचारले, आणि आम्ही त्या शब्दाचा अर्थ 'पट्ट्याची रुंदी' असा काढला, त्या वेळी आम्हांस ती गवयाच्या गळ्यासंबंधी काही चौकशी असावी असे वाटले, याचे कोणी हसू करू नये. 'तुला योग्य वाटेल ती घे, पण फार खर्च नको,' एवढे सांगून आम्ही मोकळे झालो. ते उत्तर आम्हांस पुढे महागात पडले. खर्च असा काही फार झाला नाही. दुसरेच काही झाले.

२०२४ सालच्या चवथीस, म्हणजे ७ सप्टेंबरला, आमच्या पार्सेच्या घरी सारे कुटुंब जमले होते. माटोळी बांधून झाल्यावर, घराण्याची वंशावळ, जुनी छायाचित्रे, देवळातल्या नाटकांच्या हस्तपत्रिका हे सारे एका ठिकाणी ठेवून जगात पांगलेल्या भाऊबंदांस पाहता येईल असे करावे, ही कल्पना निघाली. गोव्यातल्या, विशेषतः पेडण्याकडच्या, घराण्यांची पांगापांग नवी नाही. एक शाखा गिरगावात गेली, तिथून डोंबिवलीस सरकली, एक बेळगावास, नातवंडे आता आखातात आणि त्याच्याही पलीकडे. घरात बोलणे कोंकणी, पत्र लिहायचे ते मराठीत, आणि पुढच्या पिढीचे दोन्ही इंग्रजीत. अशा मंडळींस बांधून ठेवणारी एखादी दोरी असावी, एवढाच हेतू.

काम अंगावर घेतले ते भाच्याने. त्याच्याविषयी दोन शब्द सांगावयास हवेत. त्याचे दोन ट्रक खाणीवर होते. २०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि ते दोन्ही ट्रक मयेच्या घराच्या अंगणात उभे राहिले. त्यांच्या चाकांखाली गवत उगवलेले आम्ही पाहिले आहे. त्याने हातपाय गाळले नाहीत. ट्रक विकून संगणक शिकला आणि डिचोलीच्या बाजारात अर्ज भरून देणे, छपाई करणे, लहानसहान धंदेवाल्यांची संकेतस्थळे उभी करणे असे दुकान थाटले. त्याने एका कंपनीकडे दरमहा १० जीबींची योजना घेतली. आमचे चाळीस-पन्नास भाऊबंद, काही छायाचित्रे. १० जीबी म्हणजे सागर, असे आम्हांस वाटले.

दसऱ्याच्या साफसफाईत आमच्या बहिणीला मयेला जुन्या ट्रंकेत एक कॅसेट सापडली. वर आबांच्या अक्षरात नव्हे, आमच्या आतेभावाच्या अक्षरात 'चवथ १९८१' एवढेच लिहिलेले. हा आतेभाऊ तेव्हा कुवेतहून पहिल्यानेच घरी आला होता आणि त्याने आणलेला टेपरेकॉर्डर गावातल्या प्रत्येक पोराने हात लावून पाहिला होता. त्या रात्री आबांनी घरच्या गणपतीपुढे भजन केले, ते पुरे तासभर त्या यंत्राने टिपले होते. कॅसेट कशी कोणाच्या सामानात गेली देव जाणे. आम्ही ती हरवली असेच धरून चाललो होतो.

त्या चवथीस आमचे थोरले बंधू, भाई, आले नव्हते. मुंबईच्या नोकरीत रजा मिळाली नाही. 'पुढल्या वर्षी येतो,' असे त्यांचे पत्र आले. पुढल्या चवथीस आबा नव्हते. ही गोष्ट भाईंनी कधी उच्चारली नाही, पण त्रेचाळीस वर्षे ती त्यांच्या मनात कुसळासारखी होती हे आम्हां सर्वांस ठाऊक होते. आता भाई डोंबिवलीस अंथरुणाला खिळलेले.

आम्ही म्हापशास जाऊन कॅसेट संगणकावर उतरवून घेतली. भाचा म्हणाला, 'मामा, ही फाईल जड आहे. आवळून लहान करतो.' आम्ही कडाडलो, 'एक केसही कमी करायचा नाही! आबांचा आवाज आहे तो.' तो गप्प बसला. मामाचा मान म्हणून गप्प बसला. धंद्यातले शहाणपण त्याच्याकडे होते आणि हट्ट आमच्याकडे. छायाचित्रांचेही तेच झाले. धाकट्या मंडळींनी मोबाईलवर काढलेले तीस फोटो, जसे होते तसेच, एका पानावर चढले.

दसऱ्याच्या दिवशी, १२ ऑक्टोबरला, आम्ही सर्वांना कळविले. भाईंनी वहिनींकडून निरोप धाडला: 'मी आज ऐकणार नाही. पुनवेच्या रात्री ऐकीन.' पेडण्याची पुनव म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातली ओढ समजेल. कोजागिरीच्या रात्री गोव्यातून आणि वर सिंधुदुर्गातून माणसांचे लोंढे पेडण्यास लोटतात. देवळासाठी रुसून निघालेल्या भूतनाथाची समजूत काढण्याचा तो विधी पाहत लोक रात्र जागवितात. भाई लहानपणी आबांच्या खांद्यावर बसून पुनव पाहत. तेव्हा त्यांनी तीच रात्र निवडली. दूध आटवून वहिनींनी तयारी ठेवली होती.

१६ ऑक्टोबरच्या रात्री साडेदहाला वहिनींचा दूरध्वनी आला. 'भाऊजी, पान उघडत नाही. इंग्रजीत काहीतरी आले आहे.' आमच्या नातीने वाचून सांगितले: या संकेतस्थळाची बँडविड्थची मर्यादा संपली आहे, नंतर पुन्हा यावे.

आम्ही भाच्याला फोन लावू लागलो. तो पुनवेला पेडण्यात होता, आणि त्याचा फोन काही केल्या लागेना. मनोऱ्यावरून जाणारी वाट तेवढीच, आणि त्या रात्री तिच्यावर हजारो माणसे. कोणी घरी बोलत होते, कोणी चित्रफीत धाडीत होते. मनोरा नादुरुस्त नव्हता. एका रात्री दोनदा आमच्यापुढे तीच अडचण उभी राहिली होती, फक्त तेव्हा आम्हांस ती एकच आहे हे कळत नव्हते. पहाटे तीनला त्याचा आवाज आला. तोवर भाई झोपले होते. दूध तसेच राहिले, असे वहिनी पुढे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भाच्याने कंपनीस अधिक पैसे भरून दुपारपर्यंत पान उघडून घेतले. पण त्याच सकाळी भाईंना ताप चढून रुग्णालयात नेले होते.

आम्ही डिचोलीस गेलो तो भांडायच्याच तयारीने. १० जीबी चाळीस माणसांत संपतात कसे? भाच्याने एक शब्द न बोलता नोंदवही उघडली. संकेतस्थळावर कोण आले, काय घेऊन गेले, याची प्रत्येक ओळ यंत्र लिहून ठेवते. मग त्याने आम्हांस हिशेब मांडून दाखविला, आणि तो आम्ही वाचकांपुढे जसाच्या तसा ठेवतो, कारण आमच्यासारखे काका-मामा आज प्रत्येक देवस्थानाच्या, वाचनालयाच्या, शाळेच्या संकेतस्थळाच्या मागे उभे आहेत.

तबकडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण म्हणजे एका सेकंदाला ४४,१०० नोंदी, प्रत्येक नोंद दोन बाइटांची, आणि डावे-उजवे असे दोन कान. गुणाकार केला की सेकंदाला १,७६,४०० बाइट होतात. तासाचे झाले सुमारे ६३५ एमबी. फोटो प्रत्येकी ४ एमबीचे. तीस फोटोंचे एक पान १२० एमबीचे. कंपनी मोजते ते ठेवलेले सामान नव्हे, नेलेले सामान. फाईल एकच, पण दहा जणांनी ती ऐकली की ती दहा वेळा निघते. आमच्या दहा भाऊबंदांनी आबांचे भजन शेवटपर्यंत ऐकले: ६,३५० एमबी. तीस जणांनी फोटोंचे पान उघडले: ३,६०० एमबी. बेरीज ९,९५०. उरलेले थेंब शोधयंत्रांच्या, संकेतस्थळे चाळत हिंडणाऱ्या यंत्रांनी पिऊन टाकले. तीही माणसाइतकीच मोजली जातात. भाई अकरावे श्रोते होते.

याची तुलना आम्हांस टपालाशी सुचते. हे मासिक टपालाने पाठविताना वजनावर तिकीट लागते आणि ते एकदाच लागते. पुढे आळीतल्या दहा घरांनी तो अंक वाचला तरी टपालखाते पुन्हा पैसे मागत नाही. संकेतस्थळाचे टपाल निराळे. दर वाचकागणिक नवा अंक छापून नवे तिकीट लावावे लागते, आणि ते तिकीट पाठविणाऱ्याच्या माथी. म्हणून वजन कमी करणे हीच पहिली काटकसर.

पण मग बँडविड्थ शब्दाचा अर्थ काय? भाच्याने तो आम्हांस खाणीच्या भाषेत सांगितला, आणि त्याहून चांगले आम्हांस सांगता येणार नाही. 'मामा, दोन गोष्टी निरनिराळ्या. एक रस्ता किती रुंद. एका वेळी किती टिप्पर जातील. दुसरी, वर्षाला किती टन काढायची परवानगी. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्याला वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. रस्ता मोठा केला म्हणून ती मर्यादा वाढत नाही, आणि मर्यादा वाढविली म्हणून रस्ता रुंद होत नाही.' शास्त्रात बँडविड्थ ती रस्त्याची रुंदी. मुळात तो रेडिओ-तारायंत्राकडचा शब्द: दूरध्वनीच्या तारेतून सेकंदाला ३०० ते ३,४०० कंपनांचाच आवाज जाऊ देत, म्हणून जुन्या ट्रंककॉलवर भाईंचा भरदार आवाज डबीतून आल्यासारखा येई. १९४८ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने वाटेची रुंदी आणि वाटेवरचा गोंगाट यांवरून तिच्यातून जास्तीत जास्त किती मजकूर जाईल याचे गणित बांधले. यंत्रे जागा भाड्याने देणाऱ्या कंपन्या मात्र बँडविड्थ हा शब्द बहुधा दुसऱ्या अर्थी, महिन्याच्या टनांसाठी, वापरतात. शब्द एक आणि मापे दोन; गिऱ्हाईक फसते ते इथे. जीबी 'महिन्याला' लिहिले असेल तर ते टन, एमबी 'सेकंदाला' लिहिले असेल तर तो रस्ता. त्यातही रस्ता मोजताना बिट धरतात आणि सामान मोजताना बाइट, आणि आठ बिटांचा एक बाइट; म्हणजे १०० मेगाबिटांच्या रस्त्यावरून सेकंदाला साडेबारा एमबीच सामान जाते. दुकानदाराने शेर आणि पायली एकाच फळीवर ठेवावीत तसा हा प्रकार आहे.

आम्ही शाळामास्तर. घरी येऊन पाटीवर आणखी एक गणित केले. महिन्याचे १० जीबी तीस दिवसांच्या एकूण एक सेकंदांवर सारखे पसरले तर काय येते? सेकंदाला सुमारे ३१ किलोबिट. म्हणजे जुन्या टेलिफोनच्या तारेवर किरकिरणाऱ्या मोडेमचा वेग! १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात सामान्य माणसास इंटरनेट खुले केले, तेव्हाचा वेग ९.६ किलोबिट, त्या वेगाने आबांचे भजन उतरवायला सहा दिवस लागले असते. तेव्हा १० जीबींचा सागर आम्ही समजलो तो बारीक धार होता. बरे, माणसे सारखी पसरून येतही नाहीत. आमच्याकडचा पाऊस पाहा ना. वर्षाचा आकडा पाहणाऱ्यास गोव्यात पाण्याचा तोटा कसा हे कळणार नाही. तो सारा चार महिन्यांत कोसळतो आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. घराण्याच्या संकेतस्थळावरही चवथ, दसरा, पुनव, नाहीतर कोणाच्या मृत्यूची वार्ता, एवढ्याच दिवशी गर्दी. सरासरी पाहून योजना घेणाऱ्याने मे महिन्यात विहीर खणावी तशी, कोरड्या दिवसाचा विचार करून घ्यावी.

त्यानंतर भाच्याने फोटो लहान केले. पाहणाऱ्याच्या पडद्यावर जेवढे दिसते तेवढ्याच मापाचे केल्यावर ४ एमबीचा फोटो २०० केबीचा झाला, आणि पानावर आधी फक्त नखाएवढी चित्रे ठेवून बोट लावील त्यालाच मोठे दाखवायचे असे केले. १२० एमबीचे पान पाऊण एमबीच्याही आत आले. पूर्वी १० जीबींत त्र्याऐंशी भेटी, आता हजारोंनी. पंक्तीत एकही फोटो कमी झाला नाही.

भजनाचे काय? त्यावर आम्ही अडूनच होतो. तेव्हा भाच्याने एक खोडसाळपणा केला. दुकानाचे दार लावून घेतले, कानांवर यंत्र चढविले आणि म्हणाला, 'मामा, दोन फाईली लावतो. यातली पुरी कोणती ते सांगा.' आम्ही डोळे मिटून ऐकले. आबांचा खर्ज, पेटीचा भाता ओढल्याचा आवाज, मागे कोणा पोराचे खोकणे, सारे दोन्हींत होते. आम्ही ठामपणे दुसऱ्या फाईलीकडे बोट दाखविले. ती आवळलेली निघाली, २८.८ एमबीची. कारणही त्याने सांगितले. टेपरेकॉर्डरला एकच कान होता, म्हणजे डावे-उजवे मुळातच नाही. आणि घरगुती कॅसेटवर अतिशय बारीक स्वर उमटतच नाहीत. जे टेपवर नव्हते ते आम्ही ६३५ एमबींत जपून ठेवले होते! मूळ फाईल त्याने दोन निरनिराळ्या डिस्कांवर घालून एक मयेस, एक पार्सेस ठेवली आहे. जपायची प्रत निराळी आणि वाटायची प्रत निराळी, हे आमच्या देवळांनाही ठाऊक असते. उत्सवमूर्ती मिरवते, मूळ मूर्ती गाभाऱ्यातून हलत नाही.

मग आम्ही योजनांची पत्रके वाचू लागलो. त्यांत 'अमर्याद' हा शब्द पाहून आमचा जीव भांड्यात पडला होता, पण बारीक अक्षरे वाचल्यावर तो पुन्हा वर आला. 'अमर्याद' म्हणजे 'सामान्य वापराच्या मर्यादेत अमर्याद', असे कलम बहुधा खाली असते. पोटभर जेवणाच्या खाणावळीत मालकाचा हिशेब बहुतेक गिऱ्हाइके दोन चपात्यांत उठतात यावर चालतो. एखादा बकासुर आला की वाढपी त्या बाजूला फिरकत नाही. एकाच यंत्रावर शेकडो संकेतस्थळे ठेवलेली असतात, आणि बँडविड्थ मोजली नाही तरी यंत्राची मेहनत मोजतात. तेव्हा शब्दाला भुलू नये. त्यापेक्षा मर्यादा ओलांडली तर काय होते, हा प्रश्न खडसावून विचारावा. कोणी दार लावतो, कोणी वाट अरुंद करतो, कोणी दार उघडे ठेवून महिनाअखेर बिल धाडतो. आमच्या मते लहान संस्थेस वाट अरुंद करणारा बरा; बिल धाडणारा सर्वांत धोक्याचा, कारण आपला फोटो दुसऱ्या कोणी परस्पर स्वतःच्या पानावर लावला तरी प्रत्येक वेळी तो आपल्याच कोठारातून निघतो.

यंत्र कोठे ठेवले आहे हेही विचारावे. बँडविड्थ कितीही घेतली तरी अंतर तुटत नाही. आमच्याकडे केरीहून तेरेखोलास फेरीबोट जाते. बोट मोठी केली तर एका खेपेस अधिक माणसे मावतील, पण नदी तेवढीच रुंद राहणार. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. तरी अमेरिकेतल्या यंत्राकडे मागणी जाऊन उत्तर यायला दर खेपेस सेकंदाचा काही अंश जातो, आणि एका पानासाठी अशा पुष्कळ खेपा होतात. वाचक गोवा-मुंबईचे असतील तर यंत्र हिंदुस्थानात असावे. ज्यांचे भाऊबंद चारी खंडांत आहेत त्यांच्यासाठी ठिकठिकाणी प्रती ठेवून जवळच्या कोठारातून देण्याची सोयही आता मिळते, आणि लहान संकेतस्थळास ती काही ठिकाणी फुकट असते. चित्रफिती तर स्वतःच्या जागेत ठेवूच नयेत. त्या यूट्यूबवर ठेवून आपल्या पानावर खिडकी तेवढी उघडावी, म्हणजे भार त्यांच्यावर.

आमची योजना आता महिन्याला ५० जीबींची आहे. खरे म्हणजे फाईली लहान केल्यावर जुनी १० जीबींचीही पुरली असती; भजनच साडेतीनशे वेळा ऐकता आले असते. भाचा तसे म्हणालाही. आम्ही मोठी घेतली ती हिशेबाने नव्हे.

रुग्णालयातल्या पाचव्या दिवशी भाईंचा ताप उतरला. लहान केलेली फाईल वहिनींच्या मोबाईलवर सरळच पाठविता आली, त्यासाठी संकेतस्थळाचीही गरज पडली नाही. वहिनींनी ती त्यांच्या उशाशी लावली. आम्ही इकडे फोनवर होतो. तासभर पलीकडून काही शब्द आला नाही. परिचारिका येऊन गेल्याचा आवाज आला तेवढाच. भजन संपल्यावर भाईंनी फोन हातात घेतला. आम्ही वाट पाहत होतो ते काही निराळे ऐकण्याची. ते म्हणाले, 'तबलजी घाई करतो आहे. आबा त्याला दोनदा आवरतात, ऐकलेस? कोण रे तो?'

आम्हांस सांगता आले नाही. त्या रात्री आम्ही पेटीजवळ बसलो होतो हे आठवते, तबल्यावरचा चेहरा आठवत नाही. आतेभाऊ आता नाही. भाई पौषात गेले, आणि तोवर दर आठवड्याला त्यांनी तोच प्रश्न विचारला. १९८१ च्या चवथीस पार्से, मांद्रे किंवा कोरगावच्या बाजूस घरोघरच्या भजनांत तबला वाजविणारे कोण होते हे या मासिकाच्या वाचकांपैकी कोणास ठाऊक असेल, तर त्यांनी संपादकांकडे जरूर कळवावे. भजनाच्या पानावर पेटी, झांज आणि आबा यांची नावे घातली आहेत. चौथी जागा मोकळी ठेवली आहे.